सर कोलॅप्स्ड

भामरे भाऊंचा मेसेज आला तेव्हा मी डबा उघडून पोळीचा पहिला तुकडा मोडला होता. मेसेज ऑफिसच्या ग्रुपवर होता, इंग्रजीत होता आणि दोनच शब्दांचा होता. ‘सर कोलॅप्स्ड.’

हे वाचून कोणीही किंचाळलं असतं. मी तर कुकरची शिट्टी झाली तरी दचकते. पण मी किंचाळले नाही, कारण ‘कोलॅप्स्ड’ हा आमच्या ऑफिसातला रोजचा शब्द आहे. आमचे सावंत सर विम्याचे सर्व्हेअर. सिल्वासात, दादऱ्यात, गलोंड्यात कुठल्या फॅक्टरीला आग लागली, छप्पर बसलं, पाणी शिरलं की विमा कंपनी सरांना पाठवते. काय गेलं आणि काय उरलं ते सर जाऊन बघतात. भामरे भाऊ टेप आणि कॅमेरा घेऊन त्यांच्यासोबत असतात. मी ऑफिसात बसून रिपोर्ट टाइप करते. हेतलबेन हिशेब सांभाळते, चहा सांभाळते आणि मला सांभाळते.

साइटवरून येणारा मेसेज इंग्रजीतच टाकायचा, असा सरांचा नियम आहे. म्हणजे मला तो उचलून थेट रिपोर्टमध्ये घालता येतो. आणि भामरे भाऊंचा स्वतःचा नियम असा, की प्रत्येक मेसेजची सुरुवात ‘सर’ने करायची. स्वल्पविराम ते मानत नाहीत. ‘सर रीच्ड’ म्हणजे सर, मी पोचलो. ‘सर कम्प्लिटली बर्न्ट’ असा मेसेज आला होता तेव्हा सर माझ्यासमोर खुर्चीत बसून कलिंगड खात होते. बिया वाटीत टाकत म्हणाले, "बघ, मला कळलंसुद्धा नाही."

तर ‘सर कोलॅप्स्ड’ म्हणजे सर, भिंत पडली. किंवा शेड पडली. साधी गोष्ट. मी घास तोंडात घातला.

आणि मग ती एवढीशी गोष्ट खटकली. भामरे भाऊ हे ‘सर’ म्हणून सांगतायत कोणाला? सर तर सकाळी त्यांच्याच मोटरसायकलवर मागे बसून गलोंड्याला गेले होते. शेजारी उभ्या असलेल्या माणसाला कोणी मेसेज करतं का?

घास गिळायचा राहिला. सरांच्या छातीत मागच्या वर्षी स्टेंट बसवलाय. आम्हा तिघांना ते पक्कं ठाऊक आहे, आणि सरांना आवडतं म्हणून आम्ही तिघंही ते विसरल्यासारखं वागतो.

भामरे भाऊंना फोन लावला. स्विच ऑफ. त्यात नवल नव्हतं, त्यांच्या मोबाइलची बॅटरी कायम लाल असते. मग सरांना लावला. रिंग वाजली. वाजत राहिली. चार-पाच रिंग झाल्या आणि मीच कट केला.

"नाय उचलला?" हेतलबेननं विचारलं.

"मी कट केला."

"केम?"

का ते मी तिला सांगितलं नाही. मला एकदम असं वाटलं होतं की आता फोन उचलला जाईल आणि तिकडून कुणी अनोळखी माणूस विचारेल, ‘आप इनके कौन?’ त्याला काय सांगणार? टायपिस्ट? असलं उत्तर दिल्यावर कोणी पुढचं काही सांगतं का?

हेतलबेननं माझा मोबाइल हातात घेऊन मेसेज वाचला. परत वाचला. "भामरेभाईने तो आदत छे," ती म्हणाली. "देवाला नमस्कार करेल तरी पहिले ‘सर’ म्हणेल." पण हे बोलता बोलता तिचे पाय टेबलाखाली चपला शोधत होते. स्कूटीची किल्ली घेऊन ती दारापर्यंत गेली आणि वळली. "मी बघून येते. तू बस ने अने फोन कर. रडायचं नाय. फोन करायचा."

ती गेली. ऑफिसात मी, पंखा आणि जळक्या फॅक्टऱ्यांच्या फोटोंनी गच्च भरलेलं कपाट, एवढेच उरलो.

दुसऱ्यांचं नुकसान बघत फिरणाऱ्या ऑफिसात किस्से फार साचतात. रिपोर्टमध्ये बसतं तेवढं कंपनीला जातं, बाकीचं आमच्याकडे पडून राहतं. एरवी मी ते मैत्रिणींना हसत सांगते. त्या दुपारी ते बोलावल्याशिवाय एकामागून एक आठवायला लागले. प्रत्येकात सर चांगले धडधाकट उभे होते, म्हणून मी त्यांना अडवलं नाही.

*

पहिला किस्सा माझाच.

मी बी.कॉम. करून नुकतीच लागले होते. सर मूळचे कुडाळकडचे, पण इंग्रजी असं बोलतात की प्रत्येक शब्द इस्त्री करून आणलाय. ते येरझारा घालत मजकूर सांगायचे आणि मी टाइप करायचे. पुन्हा विचारायची हिंमत नव्हती. त्यांनी खिडकीकडे तोंड करून बोललेलं मला निम्मंच ऐकू यायचं, उरलेलं मी मनानं घालायचे.

आता, पडझडीनंतर जो ढिगारा उरतो त्याला इंग्रजीत एक शब्द आहे. तो मी पुस्तकात वाचला होता आणि मनातल्या मनात त्याला ‘डेब्रिस’ म्हणत आले होते. कॉलेजात आम्ही सगळ्याच डेब्रिस म्हणायचो. त्यातला शेवटचा ‘स’ मुका असतो, हे आम्हाला कोण सांगणार? सर म्हणाले ‘डेब्री’. हा शब्द मी आयुष्यात ऐकला नव्हता. मला ऐकू आलं, ‘द ब्रीझ’.

त्यामुळे त्या रिपोर्टमध्ये पानोपानी झुळूक होती. झुळूक आवारात सर्वत्र पसरली होती. झुळुकीखाली दोन मशिनं दबली होती. झुळूक हटवण्यासाठी ट्रॅक्टर लावण्यात आला.

विमा कंपनीतून विचारणा आली. ‘वाऱ्याची झुळूक ट्रॅक्टरने कशी नेली, कृपया खुलासा करावा.’

सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. मी उभी राहायच्या आधीच रडायला लागले होते. सरांनी कागद दोनदा वाचला, चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"रडतेस कशाला?" ते म्हणाले. "इतक्या वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी माझा रिपोर्ट शेवटपर्यंत वाचलाय."

तेव्हापासून पंख्याखाली बसायला मिळालं नाही की भामरे भाऊ म्हणतात, "ताई, जरा इकडं पण डेब्री येऊ द्या."

*

मी पुन्हा सरांना फोन लावला. रिंग वाजत होती. म्हणजे फोन चालू आहे, म्हणजे खिशात आहे, म्हणजे... म्हणजे काय, ते पुढे सुचेना. चार-पाच रिंग झाल्यावर परत ते ‘आप इनके कौन’ कानाशी आलं आणि मी कट केला.

*

दादऱ्याला एकदा सुताचं गोडाऊन जळालं. मालक शेठ वय झालेले, पांढरे कपडे, हळू बोलणारे. आमच्या रिपोर्टची कॉपी त्यांना गेली आणि दुसऱ्या दिवशी ते स्वतः ऑफिसात हजर. चेहरा लाल.

"साहब, आपसे ये उम्मीद नहीं थी," ते म्हणाले. "लिख दिया कि हमारा गोडाउन गटर? हमारे यहाँ गटर है ही नहीं. आप किसी से भी पूछ लो, कितनी सफाई रखते हैं."

भामरे भाऊ फोटोंचं पाकीट घेऊन मोरीकडे निघून गेले. त्यांना हसू आवरत नाही तेव्हा ते मोरीकडे जातात.

मी रिपोर्ट काढला. शब्द होता ‘गटेड’. सरांनी शेठना खुर्ची दिली, स्वतः त्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसले, टेबलाच्या पलीकडे गेले नाहीत.

"शेठ, गटर नाही. गटेड," सर म्हणाले. "गट म्हणजे आतडी. माशाचं पोट साफ करतात ना, तसं. बाहेरून अंग जसंच्या तसं आणि आतलं सगळं गेलेलं."

म्हटल्यावर सरांच्या लक्षात आलं की शेठ जैन आहेत आणि माशाचं उदाहरण द्यायला नको होतं. मी पाणी आणायला पळाले.

परत आले तर शेठ अजून रिपोर्टकडे बघत होते. त्या गोडाऊनच्या चारी भिंती उभ्या राहिल्या होत्या, गेटवरची रंगीत पाटीसुद्धा. बाहेरून बघणाऱ्याला काही झालंय असं वाटलंच नसतं. शेठ पाणी प्यायले.

"सही लिखा है," ते म्हणाले. "घर में सब पूछते हैं कि आप इतने चुप क्यों हो. मुझसे बोला नहीं जाता था. आज जाके बोल दूँगा." आणि उठता उठता त्यांनी तो शब्द पाठ करून घेतला. "गटर."

सरांनी मान हलवली. दुरुस्त केलं नाही.

*

सॅल्व्हेज हा आमचा लाडका शब्द. आग विझल्यावर, पाणी ओसरल्यावर जे काही वापरण्याजोगं, विकण्याजोगं उरतं, ते सॅल्व्हेज.

भामरे भाऊ साक्रीकडचे. इथे एका प्लास्टिकच्या फॅक्टरीत मशीन चालवत होते. ती फॅक्टरी जळाली. सर सर्व्हेला गेले तेव्हा हा माणूस कोणी न सांगता त्यांच्यासाठी टेपचं दुसरं टोक धरून उभा राहिला. सर्व्हे संपला तरी टोक सोडेना. सर त्याला टेपसकट घेऊन आले. नवीन कोणी ऑफिसात आलं की भामरे भाऊ स्वतःची ओळख अशीच करून देतात, "मी सरांचं सॅल्व्हेज."

दुपारी डबे संपत आले की त्यांचं सुरू होतं. "हेतलबेन, थेपल्याचं सॅल्व्हेज काही हाय का? टाकू नका भो, मी बसेल हाय अजून."

बोलून बोलून हे शब्द आमच्या तोंडात इतके बसलेत की घरीही निघतात. मला बघायला बडोद्याहून मंडळी आली होती. मुलगा, आई, वडील. मी चहाचा ट्रे घेऊन बाहेर आले आणि नेमके मुलाचे वडील शिंकले. माणूस शिंकल्यावर दचकायचं काही कारण नसतं, पण मी दचकले. ट्रे गेला. कप, बश्या, चहा, सगळं माझ्या आईच्या नव्या गालिच्यावर.

आणि माझ्याच तोंडून ऑफिसच्या आवाजात निघालं, "टोटल लॉस नाही. दोन कप सॅल्व्हेज आहेत."

मुलगा खळखळून हसला. त्याच्या आईनं त्याच्याकडे वळून बघितलं. तो थांबला.

नकार आला. सोमवारी माझे डोळे सुजलेले होते, लपवायची सोय नव्हती, म्हणून सगळं सांगून टाकलं. हेतलबेननं बडोद्याला गुजरातीत जे म्हणायचं ते म्हटलं. भामरे भाऊ विचार करून म्हणाले, "पुढच्या टायमाला स्टीलचे कप घ्या ना, ताई."

सर रिपोर्ट तपासत होते, मान वर न करता म्हणाले, "तो हसला होता?"

"हो."

"आणि आईनं बघितल्यावर थांबला?"

"हो."

"मग क्लेमच होत नाही," सर म्हणाले. "नुकसान झालेलं नाही तुझं."

*

ऑफिसचा फोन वाजला आणि पाण्याची बाटली आडवी झाली. मला वाटलं हेतलबेन. पण काकू होत्या.

काकू म्हणजे सरांच्या मिसेस. डोकमर्डीला राहतात. दुपारी रोज ऑफिसच्या फोनवर फोन करतात, कारण मोबाइलवर सर त्यांना ‘घेतली, घेतली’ म्हणतात आणि गोळी शर्टाच्या खिशात तशीच घरी जाते.

"गोळी घेतली काय गो ह्यांनी?"

"सर साइटवर गेलेत, काकू."

"आवाज का असा तुझा?"

"सर्दी झालीय."

"काल तर नव्हती."

आता पुढचा प्रश्न आला असता तर मी सगळं सांगून मोकळी झाले असते. आणि सांगणार तरी काय? दोन शब्द? त्यातही कर्ता कोण ते माहीत नाही. म्हणून म्हटलं, "काकू, तुम्ही किल्ला बघायला गेला होतात तेव्हाचं ते काय होतं? परवा हेतलबेन विचारत होती."

काकूंना हा किस्सा केव्हाही सांगायला आवडतो. पाठीमागे मिक्सर बंद केल्याचा आवाज आला. मी रिसीव्हर एका कानाला धरला, दुसऱ्या हातानं मोबाइलवर सरांचा नंबर लावला आणि तो दुसऱ्या कानाला धरला. इकडे काकू, तिकडे रिंग.

"अगो, लग्नाला इतकी वर्षं झाली, ह्यांनी मला जळक्या फॅक्टरीशिवाय काही दाखवलं नाही. मी म्हटलं, एकदा तरी कुठे तरी नेऊन आणा. तर किल्ल्यावर गेलो. गाइड छान माहिती देत होता. म्हणाला, इथे राणीचा महाल होता, आता नुसता चौथरा उरलाय. तर हे खिशातून पेन काढतात आणि त्याला विचारतात, कॉज ऑफ लॉस काय?"

मला हसू आलं. खरंच आलं. रिंग वाजत होती.

"तो बिचारा गोंधळला. म्हणाला, साहेब, काळ. दुसरं काय असणार? तर हे म्हणाले, मग काही मिळायचं नाही. वेअर अँड टेअर. पॉलिसीत बसत नाही ते."

वेअर अँड टेअर म्हणजे वापरून वापरून होणारी झीज. आग लागली तर विमा आहे, पूर आला तर आहे, पण जे रोज थोडं थोडं जातं त्याचं कोणी काही देत नाही.

"आणि मग?" मी विचारलं. पुढचं मला पाठ होतं.

"मग काय, त्या चौथऱ्यावर जाऊन बसले. मला म्हणाले, माणसाचंही तसंच असतं गो. म्हणून तू आपली रोज गोळीचं विचारत जा." काकू हसल्या. मिक्सर पुन्हा सुरू झाला. "आले की लवकर पाठव हो. मुगागाठी केल्यात, गार झाल्या की ते नुसते चिवडत बसतात."

"हो, पाठवते," मी म्हटलं.

दुसऱ्या कानातली रिंग तेवढ्यात मी कट केली होती. आता माझ्यावर तो ‘हो’ येऊन बसला.

*

एक किस्सा आम्ही हसत सांगत नाही.

भामरे भाऊ भाचीच्या लग्नाला गेले होते, म्हणून त्या दिवशी टेपचं दुसरं टोक धरायला सर मला घेऊन गेले. धागा बनवायचा कारखाना. आग छोटीच होती, पण कोपऱ्यातलं एक जुनं मशीन अर्धं वितळलं होतं. सरांनी त्याला सगळीकडून बघितलं, खाली वाकून बघितलं आणि मला म्हणाले, "बियॉन्ड रिपेअर. लिही." आता दुरुस्तीच्या पलीकडे गेलंय, असं.

मशीनच्या न जळलेल्या बाजूला एक वयस्कर कामगार फडकं घेऊन उभे होते. वसावे काका. नंदुरबारकडचे. मशीन आलं तेव्हापासून काकाच ते चालवत होते, असं मॅनेजरनं सांगितलं. आम्ही बघत असताना त्यांचा हात चालूच होता. चांगली राहिलेली बाजू ते पुसत होते.

"काय लिवलं, सायेब?" त्यांनी विचारलं.

आता आमचे सर म्हणजे कोणाला गोड बोलून सांगणारे नव्हेत. मालक असो, मॅनेजर असो, नुकसान किती आणि चूक कोणाची ते तोंडावर सांगतात. त्यावरून भांडणं झालीयत, ऑफिसच्या काचेवर एकदा दगडही आलाय. मी खाली बघत उभी राहिले.

"थकलं म्हणून लिहिलंय," सर म्हणाले.

वसावे काकांनी मान हलवली. "थकलंच व्हतं ते. सांगत नव्हतं." त्यांनी फडक्याची घडी घातली, मशीनवर ठेवली आणि ते बाहेर गेले.

परतताना रिक्षात मी बराच वेळ धीर गोळा करत होते. मग विचारलं, "सर, बियॉन्ड रिपेअरचं मराठी ‘थकलं’ होतं?"

"एकाच मशीनपुरतं," सर म्हणाले. थोडं अंतर गेल्यावर म्हणाले, "रिपोर्टमध्ये इंग्रजीच ठेव हं."

*

हेतलबेनला फोन लावला. तिनं उचलला नाही. स्कूटी चालवताना तिचा मोबाइल डिकीत असतो. ती पोचली असेल का? पोचून काही बघितलं असेल, म्हणून मुद्दामच उचलत नसेल का? माझं डोकं अशा वेळी फार हुशारीनं चालतं.

मी ग्रुप परत उघडला. ‘सर कोलॅप्स्ड.’ खाली काहीच नवीन नाही.

आणि मला इंग्रजीचा भयंकर राग आला. मराठीत मेसेज असता तर क्रियापदानंच सगळं सांगितलं असतं. भिंत पडली. छप्पर पडलं. खांब पडला. सर पडले. शेवटचं एक अक्षर बघितलं की कळतं, आता जेवायचं की धावायचं. इंग्रजीला काही फरकच पडत नाही. भिंत असो की माणूस असो, कोलॅप्स्ड ते कोलॅप्स्ड. आणि आम्ही शहाणे, रिपोर्ट लवकर व्हावा म्हणून असल्या भाषेत एकमेकांना निरोप धाडतो.

घड्याळाकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, तरी बघितलं. काकूंचा परत फोन येईल. त्या वेळी मला सर्दी पुरणार नाही.

मी उठून केबिनच्या दारात गेले. सरांची खुर्ची मागे सरकवलेली होती, सकाळी भामरे भाऊ खालून हॉर्न देत होते म्हणून ते घाईत उठले होते. टेबलावर अर्धा राहिलेला चहा. त्यावर साय धरली होती. मी कप धुवायला उचलला आणि पुन्हा तसाच ठेवला. उगाच. आल्यावर ते म्हणतील, कोणी हलवला माझा चहा? त्यांना गार चहा चालतो.

मग मी तिथेच उभी राहून मोठ्यानं म्हणून बघितलं. "मैं उनके ऑफिस से बोल रही हूँ." बरोबर वाटेना. "मैं उनकी..." पुढचा शब्द कुठल्याच भाषेत सापडेना. शेवटी ठरवलं, विचारणाऱ्याला विचारू दे. मी सांगेन, मीच आहे त्यांची, बोला तुम्ही. एवढं तर नक्की खरं होतं.

नंबर लावला आणि ह्या वेळी कट करायचा नाही म्हणून मोबाइल टेबलावर ठेवला, स्पीकर चालू केला आणि दोन्ही हात पाठीमागे धरले.

रिंग वाजली. चार-पाच झाल्या. पुढे वाजत राहिली. इतकी लांब रिंग मी कधी ऐकली नव्हती. वाजून वाजून ती आपोआप संपली आणि त्या बाईनं सांगितलं की आपण ज्यांना संपर्क करू इच्छिता ते उत्तर देत नाहीत. मी लगेच परत लावला. पुन्हा हात पाठीमागे. पुन्हा रिंग. आता माझ्या गालावरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला हात मोकळे नव्हते, कारण ते सोडले असते तर त्यांनी कट केलं असतं.

रिंग मधेच थांबली.

मी मोबाइल उचलून कानाला लावला. तिकडे नुसती खरखर होती. मग पत्रा ओढल्यासारखा आवाज. मग कोणीतरी मोबाइलवर जोरात फुंकर मारली, दोनदा खोकलं आणि मोबाइलपासून तोंड वळवून कोणाला तरी म्हणालं, "थांबा रे आता, थांबा."



"जुई," सर म्हणाले, "दर वेळी मधेच कापतेस कशाला गो? तुझी रिंग बंद झाली की आम्ही सगळे फावडी धरून नुसते उभे. एवढ्या भिंतीखाली माझा फोन नेमका कुठे पडलाय, ते आम्हाला कळणार कसं?"